जुनं ग्रीस

शारजा. कार्गोच्या बाजूचं हँगर, रात्रीचे दोन.
पारा अजून पस्तिशीच्या खाली उतरायला तयार नाही
आणि खाडीकडून येणारी दमट हवा
पान्यालासुद्धा घाम फोडते.

टेबलावर पाय आहे.
डावा, मुख्य, मांडीपासून सुटलेला.
कागदोपत्री त्याला अकरा अक्षरी नंबर असला
तरी आम्ही त्याला पायच म्हणतो.
मंगळवारी पहाटे धावपट्टीवर टेकल्यावर
तो सहा सेकंद उभा राहिला,
मग बसला.
पंख घासत गेला सातशे मीटर,
पोटात कांदे आणि फ्रीजचे सुटे भाग.
कुणी मेलं नाही.
कॅप्टननं उतरल्यावर चहा मागितला म्हणे,
आणि कप धरवेना म्हणून तसाच परत दिला.

तीन हिरवे दिवे लागले होते, असं तो सांगतो.
लागलेच होते.
दिव्याला एवढंच कळतं की कडी बसली.
कडी ज्या चौकटीत आहे
तिच्याबद्दल त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आधी सगळ्यांचा संशय तेलावर.
जांभळं तेल, कातडीला लागलं की मिरची.
कुंजुमोननं नळ्या पाहिल्या, ठीक.
रोहेलियोनं सील काढलं, त्यात वाळू निघाली,
पण इथे वाळू कशात नसते?
माझ्या डब्यातल्या भातात असते.
पंप ठीक. दट्ट्या ठीक. नायट्रोजन भरलेला.

मग ज्या पिनेवर हा अख्खा पाय फिरतो
ती मी धुतली, रंगात बुडवली,
वीस मिनिटं थांबलो, पुसली, भुकटी मारली,
ट्यूबलाइट घालवल्या आणि जांभळी बॅटरी धरली.
अंधारात एक रेघ उजळली.
पोपटी, जराशी वाकडी,
तोंडल्याच्या सालीवर असते तशी.
तिच्या मुळाशी गंजाचा खड्डा,
खसखशीच्या दाण्याएवढा.

वर क्रोम, खाली पोलाद, मध्ये शिरलेलं मीठ.
मिठाला घाई नसते.

गंज का? तर ग्रीस पोचलं नाही.
का नाही? तर मागच्या ओव्हरहॉलला
कुठल्याशा देशातल्या कुणीतरी
बुशिंग बसवताना किंचित फिरवलं,
भोकासमोर भोक आलंच नाही.
ग्रीस आत जायचं आणि भिंतीला टेकून थांबायचं.

खमीस अल-बलूशीनं लॉगबुक उघडलं.
सतरा महिन्यांत चार नोंदी, 'ग्रीस दिले'.
तीन सह्या माझ्या. तेंडोलकर, तेंडोलकर, तेंडोलकर,
शेवटच्या रचा फराटा पानाबाहेर गेलेला.
नियम एका ओळीचा आहे:
जुनं ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत पंप मारा.
मी मारले होते की. चार. पाच.
हाताला जड लागलं, वाटलं, भरलं.
ऑगस्ट होता, बूट डांबराला चिकटत होते,
शेजारी दुसरं विमान उभं होतं.

खमीस ओरडला नाही.
चष्मा कपाळावर नेऊन एवढंच म्हणाला,
"निकला था?"

शुक्रवारी देवरुखला ताईला फोन करतो.
"बरी आहेस ना?" विचारतो,
ती "हो" म्हणते,
तो "हो" कधीकधी हाताला जड लागतो
आणि मी म्हणतो, चल, ठेवतो.

रिपोर्टात मी सगळं लिहिलं.
बुशिंग, भोक, मीठ, खड्डा, रेघ.
खाली सही केली, ह्या वेळी पानाच्या आत.
पुढे काय व्हायचं ते ऑफिस कळवेल.

तोवर हे दुसरं विमान, त्याच वयाचं.
जॅकवर चढवलंय, पायाखाली पुठ्ठा टाकून
मी आडवा झालोय, निपल पुसलंय.
सात. आठ.
जड लागतंय.
नऊ.
कुंजुमोन पलीकडून बोळा आणि बॅटरी घेऊन बघतोय.
"आलं?"
"नाही."
दहा.