आडनावाचा रकाना

खानापूरच्या पुढं, रेल्वे फाटकापलीकडं,
कुंभारांच्या भट्टीला पाठ लावून जे घर आहे
तिथं मी तिसऱ्यांदा गेले, यादी घेऊन.
पहिल्यांदा कुत्रं होतं, दुसऱ्यांदा कुलूप.

"बसा बाई," एलियाप्पा म्हणाले,
"आमचं नाव लिवताना पेन थांबतंय सगळ्यांचं."
आणि ट्रंकेतून कागद काढत गेले.

त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर स्टेनबाग.
मोठ्या मुलाच्या रेशन कार्डावर, कन्नडात, स्टीनबाकू.
कन्नडाला शब्दाचं शेवटचं दार उघडं लागतं,
म्हणून तो उकार.
रूतच्या कार्डावर टिनबॅग.
आणि बायको सुगंधम्माच्या ओळखपत्रावर
नुसतंच बाग.
घरात माणसं चार, आडनावं चार.
प्रत्येक आडनावाची लोकसंख्या एक.

पणजोबा कौलांचे साचे घेऊन आला म्हणे,
इथली माती बघायला.
चार महिन्यांसाठी.
मातीनं त्याला ठेवून घेतलं,
किंवा पणजीनं. घरात दोन मतं आहेत.

"अर्थ काय हो नावाचा?"
"श्टाइन म्हणजे दगड. बाख म्हणजे ओढा."
मागं हात केला त्यांनी. मागं ओढाच होता,
दगडांतून वाट काढत मलप्रभेकडं निघालेला,
गाव ज्याला कल्लहळ्ळ म्हणतं.
कल्लू म्हणजे दगड, हळ्ळ म्हणजे ओढा.
"म्हातारा कुठं लांब गेलाच नाही बघा," म्हणाले.

तिकडच्या कुणा लांबच्या भाच्यानं नकाशा धाडलेला.
या नावाचे लोक जिथं जास्त, तिथं रंग गडद.
डोंगराकडं गडद, नदीकाठी फिका,
समुद्रापार काही शिंतोडे.
आपल्या देशावर कोरा कागद.
तिथं एलियाप्पांनी बॉलपेननं एक टिंब दिलंय,
इतकं दाबून
की भोक पडलंय.

मी विचारलं, दगडओढा नावाचं गाव असेल ना तिकडं?
"असतीलच की, खंडीभर."
मग त्या गावात हे आडनाव कुणाचंच नसणार.
ओढ्याकाठी राहणाऱ्याला ओढेवाला कोण म्हणेल?
गाव सोडावं लागतं,
मग दुसऱ्या गावचे लोक बोट दाखवून नाव देतात.

मी सोनगट्टीकर. लग्नानंतरची.
सोनगट्टीत एक रात्रही झोपलेले नाही.
सासऱ्यांच्या आजोबांनी ती सोडली, कशासाठी ते कुणी सांगत नाही.
चंदगडच्या चुलत्यांच्या यादीत आम्ही सोनगट्टीकर,
इथल्या यादीत सोनगट्टी.
सरकारनं माझा कर माफ केला
असं मी शाळेत हसत सांगते.
दर वेळी तेवढं हसू येत नाही.

"तर मग काय लिवूलालासा?"
रकान्यात पेन टेकून मी बसलेली.
नियम असा की आधीच्या कागदाशी जुळलं पाहिजे.
कुठल्या आधीच्या?

ते उठले. शेळ्यांच्या छपरावरचं एक कौल
हलवून हलवून काढलं, उलटं केलं.
काजळी, कोळ्याचं जाळं,
आणि अंगठ्यानं पुसल्यावर उठावाची नऊ अक्षरं,
साच्यातून आलेली, एकही चूक नसलेली.
"अशी किती आहेत?"
"गोठ्यावर तीनशे धरा. देवळावर होती, तिथं पत्रे घातले.
आमच्या लोकांपेक्षा जास्तच."
देवळावर म्हणजे चर्चवर. ते देऊळच म्हणतात.

मी एकेक अक्षर बघून उतरवलं,
शाळेत मुलं फळ्यावरून उतरवतात तसं, जीभ दातांत धरून.
चौघांच्या समोर एकच नाव.
वर तालुक्याला कुणीतरी ते परत बदलेल, माहीत आहे.

शेळी आत खोकली.
एलियाप्पांनी कौल जागेवर सरकवलं,
अक्षरांची बाजू खाली,
होती तशी.