पुरसो शेणवी, खारेपाटण

कोर्टाच्या कामासाठी मी मोडी वाचते.
पानाला साठ रुपये, डागाळलेलं असेल तर ऐंशी.
खारेपाटणच्या एका गडग्याच्या वादात
वकिलांनी आणून टाकला एक रुमाल,
त्याच्या तळाशी हा : पुरसो शेणवी.
जन्म नाही, मृत्यू नाही,
शक अर्धा कसरीने खाल्लेला.
ग्रंथाला नावही ठेवलेलं नाही.
वर श्री, आणि लगेच खाली
"माड माझे जागेत, नारळ पडला तुझे, तर?"

तर.
हा त्याचा आवडता शब्द.

संस्कृत येत असावं, मिरवत नाही.
ऋषींची नावं घेतो पाहुण्यांसारखी,
ओटीवर बसवतो, गूळपाणी देतो,
आणि मागच्या दाराने जाऊन
गाबतांना विचारतो, तुमच्यात कसं करतात?
मग लिहितो : "पागू तांडेल म्हणाला ते ऐसे."
रापण ओढायला उशिरा आलेल्याचा वाटा अर्धा,
पण दोराला हात लागला असेल तर पुरा.
फुटल्या गलबताचा वासा वाहून आला
तर तीन भरत्या थांबावे.
खाडीने काठ बदलला, नवा गाळ कोणाचा?
ज्याचा जुना बुडाला त्याचा.
तो नसेल तर
तिथे आधीपासून खुबे काढणाऱ्या बायकांचा.
(या ओळीवर कुणी दुसऱ्या शाईने फुली मारली आहे.
ती त्याची नव्हे. त्याचा बोरू उजवीकडे कलतो.)

एक फणस दोन भावांत असेल तर
बुंध्याचे एकाला, शेंड्याचे एकाला, ऐसे करू नये.
"म्या केले. भाऊ बोलत नाही."

एकशे बाराव्या पानावर विचारतो :
नवरा मस्कतास गेला, गलबत आले नाही,
बाई विधवा कधीपासून?
बारा वर्षे. खोडलं.
सात. खोडलं.
मग दोन बोटं कोरी जागा,
आणि खाली, बसकं, घाईचं अक्षर :
"सून म्हणते, मला कोणी पुसले?
खरे आहे. पुसावे."

पुढे पानं आहेत, नियम कमी.
मिठाचा भाव. छपराला लागलेले झाप.
"सुनेने खाजणास बांध घातला. उधाणात टिकला."

कोर्टाला हे नको होतं, गडगा हवा होता.
तो चाळिसाव्या पानावर :
"ज्याने चिरे वाहिले त्यास विचारावे.
तो न सापडे तर दोघांनी मिळोन पाडावा,
दोघांनी मिळोन बांधावा."
वकील म्हणाले, बाई, याचा काय उपयोग?
साहेबांनी पुढची तारीख दिली.

मी बिल केलं. कोऱ्या दोन बोटांचे पैसे धरले नाहीत,
सगळ्यात वेळ तिथंच गेला होता तरी.
एसटी पुलावर थांबली.
खाली ओहोटी, नवा गाळ, दोन बायका खुबे काढत होत्या,
कोणाच्या हद्दीत, ते मी पाहिलं नाही.