बारावा पदार्थ

डिसेंबरच्या बावीस तारखेला
डॉक्टर युर्गितानं दंडाला पट्टा आवळला,
फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला.
एकशे अडुसष्ट, खाली एकशे दोन.
"मीठ कमी करा, झोप पुरी घ्या,
आणि दांग्वोलेबाई, जरा शांत राहा."

शांत राहा!
कौनासच्या पोस्टात चार नंबरची खिडकी माझी,
रांग दाराबाहेर बर्फात गेलेली,
आणि प्रत्येकाच्या पोराला डब्लिनमध्ये
चोवीसच्या आत घरचं सॉसेज हवंय.

घरी फ्रिजवर यादी. आईच्या अक्षरातली, तेलकट.
नाताळच्या आदल्या रात्री बारा पदार्थ,
मांस नाही, दूध नाही, अंडं नाही,
आणि बारातला एकही कमी नाही.
हेरिंग बिटाबरोबर, हेरिंग गाजराबरोबर,
हेरिंग नुसतंच.
(आईच्या हिशेबात हे तीन धरायचे.
ही लबाडी कळायला मला पन्नास वर्षं लागली.)

आईचंही डोकं दुखायचं.
सण झाला की बघू, म्हणायची,
खसखस वाटता वाटता, कपाळाला ओला रुमाल बांधून.
सण झाला.
जानेवारीच्या नऊ तारखेला
ती बाथरूमच्या दाराशी बसली ती उठलीच नाही.

चोवीसला दुपारी अडीच वाजता
अळंबी भिजत होती, कणीक फुगत होती,
फोनवर नणंद विचारत होती, खुर्च्या किती आणू,
आणि माझ्या कानात कुणीतरी ढोल वाजवत होतं.
मी गॅस बंद केला.
फोनही.
हातावरचं पीठ तसंच, वर कोट चढवला,
आणि दोन नद्या मिळतात तिथवर चालत गेले.

तिथे काही घडलं नाही.
एक म्हातारा बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसला होता.
"लागतंय का काही?"
"नाही," तो म्हणाला, "पण घरी बायको फरशी पुसतेय."
मी बाकावर बसून एक सफरचंद खाल्लं, सावकाश, देठापर्यंत.
अंधार पडायला लागला तसे पाय परत वळले.

टेबलावर पांढरी चादर, चादरीखाली मूठभर सुकं गवत,
आईचं रिकामं ताट, त्याच्याशेजारी मेणबत्ती.
पहिला तारा ढगात राहिला; आम्ही घड्याळावर भागवलं.
नणंद गेनोवाइते मोजायला लागली.
अकरा.
पुन्हा मोजले. अकराच.
खोली अशी गप्प झाली की जणू मीच कुणाला मारलंय.

तेवढ्यात भाचा आउगुस्तस, वय वर्षं नऊ,
माझ्या ताटाजवळच्या गोळीकडे बोट दाखवून म्हणाला,
"ही धरा ना! हिच्यात मांस नाही, अंडं नाही."
"लॅक्टोज असतं," गेनोवाइते म्हणाली.
तीस वर्षं औषधांच्या दुकानात गेलेली तिची.
"म्हणजे दूधच."
आणि स्वतःच आधी फिसकन हसली,
मग भाऊ, मग मी, डोळ्यांत पाणी येईस्तोवर,
आईच्या ताटाशेजारची ज्योतसुद्धा थरथरली.

गोळी मी पाण्याबरोबर घेतली.
हेरिंग रात्रभर भिजवून खारटपणा काढलेलं,
भाऊ म्हणाला, बेचव झालंय.
झालंच होतं.

मग रिवाजाप्रमाणे चादरीखालून एकेकानं काडी ओढली.
ज्याची लांब, त्याला आयुष्य लांब.
माझी निघाली बेताची,
मधेच थोडी वाकलेली.
उजेडात धरून बघितली.
चालेल.
भांडी उद्या घासू म्हटलं,
आणि साडेदहाला झोपायला गेले.