निळी काच

भट्टीत उघड्या डोळ्यांनी बघायचं नसतं.
पहिल्याच पाळीत विल्फ स्टॅनिलँडनं
लाकडी चौकटीतली निळी काच हातात ठेवली:
हिच्यातून बघ, नाहीतर आंधळा होशील.
शेफील्ड, अ‍ॅटर्क्लिफ. सन पासष्टचा फेब्रुवारी.
माझ्या डब्यात पाव, आणि पावाखाली
जालन्याच्या मिशनचं गीतांचं पुस्तक,
कडा तेलकट झालेलं.

काचेतून पोलाद उकळताना दिसे.
दुधासारखं नाही,
कशासारखंच नाही.
मी मनात म्हणे, प्रभो, तू असाच असशील.

मग पळीभर नमुना काढायचा,
निववायचा, घणानं मोडायचा.
मोडलेल्या तोंडावरचे दाणे बघून
विल्फ कार्बन सांगायचा.
मोडल्याशिवाय कळत नाही, म्हणायचा,
आणि चहात तीन चमचे साखर घालायचा.

पंधरा वर्षं युनियनची वर्गणी भरली,
सभेला गेलो नाही.
ऐंशीच्या संपात, सहाव्या आठवड्यात,
पाळक धीर धरण्याविषयी बोलले.
त्यांच्या घरी कोळसा होता.
पुढच्या रविवारी मी फाटकावर होतो,
पिंपातल्या जाळावर हात शेकत.
येमेनचा मुक्बिल पुठ्ठ्यावर नमाज पढे,
गुडघे झटके, पुन्हा फलक उचले.
मला त्याचा हेवा वाटला. त्याला निवडावं लागलं नव्हतं.
सगुणा चर्चला एकटी जाऊ लागली.
माझ्या वाटचंही गात असावी,
परतल्यावर तिचा आवाज बसलेला असे.

ज्यानं मला कॉम्रेड म्हणायला शिकवलं
त्या विल्फनं त्र्याऐंशीत कौन्सिलचं घर विकत घेतलं,
दाराला निळा रंग दिला, मतही तसंच.
दोन वर्षं आम्ही बोललो नाही.
तोवर भट्टी विझली होती.
भांडायला कारण तेवढं उरलं होतं.

सगुणाला मातीत ठेवताना
दोनशे बारावं गीत लागलं.
ओठ हलले. चाल पाठ होती.
मी गायलो की माझं तोंड गायलं, सांगता येत नाही.
मागच्या बाकावर विल्फ, हातात टोपी,
एक शब्द न कळता शेवटपर्यंत उभा.

भट्टी होती तिथे आता बुटांचं दुकान आहे.
काउंटरवरची पोर विचारते, साइज?
मी तिच्या पायाखालची फरशी बघत राहतो,
इथेच कुठेतरी,
बहुतेक मोज्यांच्या रॅकपाशी.
आठ, म्हणतो. रुंद पाऊल.
काच अजून खिशात असते.
तिच्यातून मी कधीच सूर्याकडे पाहिलं नाही.