कानाचा तुकडा

टाकेदच्या पुढे डांबर संपतं.
तिथून बर्फाची पेटी मांडीवर घेऊन बसायचं,
खड्डा आला की आधी तिला सावरायचं, मग स्वतःला.

खळ्यात भात झोडून झालेला.
बुधा आगिवले गायींची ओळख करून देतो,
बोट न दाखवता, नुसत्या रंगाने:
ही पारा, ती बहाळा, पलीकडची मणेरी,
आणि ही लाल बहाळा, रंग हिच्या आईचा,
आईला तिच्या आईचा, ती वासाळीची.
मी बिल्ल्यावरचे बारा आकडे वाचते.
तो म्हणतो, एवढं कशाला,
मैना म्हणा, बघंल ती.

कानाच्या कडेचा तुकडा, तांदळाएवढा.
चिमटा, नळी, आकडा.
चिमटा, नळी, आकडा.
एक्केचाळीस गुरं.
बेचाळिसावं मोजणीत आलंच नाही,
ते चुलीपाशी होतं.
दीड वर्षाचं, दिसायला सात महिन्यांचं.
हौसा त्याला नागलीची आंबील पाजत होती.
"वाढत नाय. पण मायाळू लई."
गेल्या साली दोन गायी गाभडल्या,
एक कालवड रक्ताच्या हगवणीने गेली,
हे तिने आंबील ढवळता ढवळता सांगितलं.

नाशिकला, पडद्यावर,
एक्केचाळीस रेघा जमिनीला पाठ लावून पडून राहिल्या.
एक उठली, सतराव्या फेरीलाच.
तीन आठवड्यांनी पुन्हा तुकडा.
पुन्हा तीच, तेवढीच उंच.

मग अक्षरं वाचली, दोनशे अठ्ठ्याऐंशी.
सिन्नरच्या संकरित गोठ्यात सापडलेल्या विषाणूशी
तेवीस जागी जुळेनात.
वंशाच्या झाडावर त्याला निराळी फांदी मिळाली.
घोटीच्या बाजारातून आला, वळूबरोबर आला,
की माझ्यासारख्या कुणाच्या बुटाला चिकटून?
फांदी एवढंच सांगते, की ती फांदी आहे.

पुन्हा टाकेद, पुन्हा खड्डे, या वेळी पेटी रिकामी.
मी सांगितलं:
हे आईच्या पोटात होतं, तिसरा महिना,
आपलं कोण, परकं कोण, हे अजून शिकायचं होतं,
तेव्हाच तो आत आला.
याला वाटलं, हाही मीच.
म्हणून भांडण नाही, ताप नाही,
नुसता श्वासातून, लाळेतून, शेणातून
सगळ्यांना वाटत राहतं.

हौसा म्हणाली,
"म्हंजे पाव्हणा आला तवा घराला दारच नव्हतं."

माझ्या अहवालात यासाठी रकाना नाही.
विकू नका. बाजाराला नेऊ नका.
गाभण गायींच्या वाऱ्यालाही उभं करू नका.
ती ऐकत होती, आणि वासरू
तिच्या पदराचं टोक चघळत होतं.

बुधा उठला, ओढ्यापलीकडे
जुन्या मांडवाच्या मेढी हलवून पाहिल्या,
परत येऊन विचारलं,
"त्या रोगाचा रंग कोणता?"
संगणकाने त्या फांदीला दिलेला आठवला.
लाल, म्हटलं.
"लाल बहाळा, का नुसता लाल?"

अजून कळलं नाही, म्हटलं.
शेजारच्या वाड्यांचे कान बघायचे आहेत.