काट्यापाशी

रास अल खैमाच्या खाणीत
सुरुंगाचा नवा साहेब आला, आडनाव नॅश.
गेटपासवर अरबीत तो उतरला नाश होऊन,
आणि मी, वजनकाट्यावरचा कारकून पांगारकर,
इतका हसलो की चहा नाकात गेला.
डोंगर फोडणाऱ्याचं नाव नाश!

त्याला अर्थ सांगितला. रागावला नाही.
हेल्मेट काढून गाफच्या सावलीत बसला
(गाफ म्हणजे आपली शमीच,
फक्त दसऱ्याला तिला इथे कोणी ओरबाडत नाही).
म्हणाला, आमच्याकडे अ‍ॅश नावाचं झाड असतं.
अ‍ॅश म्हणजे राख ना? डंपरवाल्या गुल झमानने विचारलं.
राख वेगळी, झाड वेगळं. आवाज तेवढा एक.

कुणी एक माणूस त्या झाडापाशी राहायचा.
अ‍ॅटन अ‍ॅश. झाडापाशीचा.
घाईत बोलता बोलता
अलीकडच्या शब्दातला न सुटला
आणि पायजम्याला कुसळ चिकटावं
तसा झाडाला चिकटला.
शेकडो वर्षं वागवतोय आम्ही तो न, साहेब म्हणाला,
आमचा नव्हेच तो.

मग मी पांगाऱ्याचं सांगितलं.
पानं झडल्यावर येणारी लालभडक फुलं,
लाकूड इतकं हलकं
की माझ्या काट्यावर नोंदसुद्धा होणार नाही.
सांगितलं नाही ते हे, की आमच्या गावात
मी पांगारा पाहिलेलाच नाही.
त्याने फोन पुढे केला. बहिणीने पाठवलेला फोटो:
बुरशीने गेलेलं अ‍ॅश, कापलेला बुंधा,
त्यावर कुणाचा तरी पाण्याचा डबा.

साडेबाराचा भोंगा झाला.
साहेब उठला, बोटांवर काहीतरी मोजलं,
आणि समोरचा डोंगर
गुडघ्यात वाकून खाली बसला.
धूळ बराच वेळ खाली यायला तयार नव्हती.

नंतर नेहमीचंच. अठ्ठावन्न टन.
एकसष्ट टन दोनशे.
पावती फाडता फाडता गुल झमानचा फोन दिसला,
माझाच नंबर, वर नाव: काटा भाई.
बारा वर्षांत पांगारकर त्याच्या जिभेवर बसलंच नाही.
उद्या मी इथून गेलो
आणि कुणी विचारलं, कोण होता तो,
तर हे पठाण सांगतील,
तो होय? तो काट्यापाशीचा.