टाच उचला, ओझेलीनबाई

लेओगानच्या दवाखान्यात निळ्या बादलीपाशी
ओझेलीनबाई उजवा पाय पुढे करतात.
अठरा वर्षं झाली, त्याला बूट ठाऊक नाही.

व्हेर्लँद नर्स साबण फेसते,
बोटांच्या बेचक्या धुते, टिपते,
आणि कालचंच आज सांगते:

रक्ताला हृदय आहे, मागे लागून ढकलणारं.
गेलेलं रक्त शिरांतून घरी येतं.
सगळं नाही येत.
थोडं पाणी वाटेत झिरपतं,
पेशींच्या अंगणात रेंगाळतं.
ते गोळा करतात लसिकेच्या वाहिन्या,
आरंभी केसाहून बारीक,
झडप ओलांडली की माघार नाही,
गळ्याखालच्या शिरेत ओतून मोकळ्या.
त्यांना हृदय कुणी दिलं नाही.
स्वतःचं जरासं आवळणं,
आपलं चालणं, श्वास, पोटरीचा पीळ,
एवढ्यावर भागवतात बिचाऱ्या.

डासाने आणलेल्या जंतांनी तिथेच बिऱ्हाड केलं.
वाट तुंबली. पाणी राहिलं.

"म्हणजे घरी न पोचलेलं सगळं
माझ्या पायात," बाई म्हणतात,
आणि दाराकडे बघतात.
विल्नेर सीमेपलीकडे ऊस तोडायला गेला
तो याच दारावरून.

व्हेर्लँद काही विचारत नाही.
"टाच उचला."
बाई उचलतात. ठेवतात.
सतरा. अठरा.
एकोणीसला जरा थांबतात.